अभ्र्याचं फिटिंग

मिसळणाच्या डब्यात स्क्रू होते. सात वाट्या, सात आकार. मधल्या वाटीत सगळ्यात बारीक, चष्म्याच्या दांडीला असतात तसले. कडेच्या वाट्यांत एकाहून एक मोठे. डबा सोफ्याशेजारच्या स्टुलावर उघडा होता आणि शमशुद्दीन मास्टर हातातली औषधांची पिशवी द्यायची विसरून त्याच्याकडे बघत उभे होते.

“बसा ना,” वासंतीबाई म्हणाल्या. “त्या खुर्चीवर नको. तिचे स्क्रू कुठे गेले ते फक्त यांना ठाऊक.”

“सापडतील,” खिडकीशी बसलेले श्यामसुंदर, त्यांचे यजमान, म्हणाले. आवाज अगदी बारीक, शेजारच्या खोलीतून आल्यासारखा.

“तीन वर्षं सापडताहेत,” बाई म्हणाल्या आणि पिशवी स्वतःच मास्टरांच्या हातातून काढून घेतली.

मास्टरांच्या बायकोला, हुस्नबानूला, जाऊन सात महिने झाले होते. तिच्या गोळ्यांच्या न फोडलेल्या नऊ पट्ट्या कपाटात तशाच होत्या. औषधाच्या दुकानदारानं त्या परत घ्यायला नकार दिला, पण एक पत्ता दिला: बिबवेवाडीत एक बाई आहेत, त्यांच्या मिस्टरांनाही कंपवातच आहे, डॉक्टरांना दाखवून त्या गरजू पेशंटांना औषधं पोचवतात. म्हणून मास्टर घोरपडे पेठेतून बसनं आले होते. पट्ट्या द्यायच्या, पाणीसुद्धा न घेता परतायचं, एवढाच त्यांचा विचार होता. बाईंनी चष्मा कपाळावर चढवून एकेक पट्टी डोळ्यांजवळ नेली. पिवळ्या एका बाजूला, पांढऱ्या एका बाजूला. पांढरी हातात धरून त्या म्हणाल्या, “हिनंच आमचा मिक्सर खाल्ला.”

“गोळीनं?”

“मिक्सर, भिंतीवरचं घड्याळ, दाराची बेल. सकाळी आठला बसायचे ते जेवायला हाक मारली तरी उठायचे नाहीत. सगळं खोलायचं, लावायचं काहीच नाही. आयुष्य टेलिफोन खात्यात गेलं यांचं, मला वाटलं जुनी आवड उफाळून आली. कौतुक करत होते मी! शेजारणींना बोलावून दाखवत होते. मग डॉक्टर म्हणाले, आवड नाही हो बाई, गोळी आहे ही. काही काही पेशंटांना होतं. एकाच कामाला चिकटतात. कुणी कागद लावत बसतं, कुणी बागेतले दगड. डोस कमी केला, तीन आठवड्यांत बंद.” त्यांनी पट्टी खाली ठेवली. “आता नुसते बसतात.”

“चहा,” श्यामसुंदर म्हणाले.

“ठेवते. तुमच्या मिसेसना होतं का हो असं काही?”

“नाही,” मास्टर म्हणाले. “ती घरचं काम करायची.”

चहा घेतला की नाही ते नंतर त्यांना आठवेना. जिना उतरताना मात्र आठवलं की हेच उत्तर, याच शब्दांत, त्यांनी डॉक्टरांना दिलं होतं. एकदा नाही, दर तीन महिन्यांनी. मोठ्या हॉस्पिटलातल्या त्या पोरसवदा डॉक्टरीणबाई दर वेळी विचारायच्या, घरी काही वेगळं वागतात का, नसलेलं काही दिसतं का, एकच गोष्ट परत परत करतात का. नसलेलं दिसायचं. कापायच्या टेबलाखाली एक लहान मुलगी बसलेली हुस्नबानूला दिसायची आणि तिला दूध द्या म्हणून ती सांगायची. ते मास्टरांनी डॉक्टरांना सांगितलं होतं, कारण ते उघडच आजाराचं होतं. पण एकच गोष्ट परत परत? “नाही, मॅडम. घरचं काम करते.” आणि हे सांगताना त्यांची मान थोडी ताठ व्हायची. वॉर्डाबाहेरच्या बाकांवर बसलेल्या बाकीच्या बायका मांडीवर हात टाकून नुसत्या बसलेल्या असायच्या. आमच्या हिच्या हाताला अजून काम आहे, असं त्यांना वाटायचं. शिंप्याच्या घरात उसवणं हे काही वागणं नव्हतं. इस्त्री करणं, काजं करणं, तसंच उसवणं.

बस मिळाली, खिडकीची जागाही मिळाली. मास्टरांनी बोटं मोजल्यासारखी एकमेकांवर घासली. उसवणं ही त्यांच्या घरात आणखीही एक गोष्ट होती आणि ती बाहेर कुणाला सांगण्यासारखी नव्हती. हुस्नबानू लोणी काळभोरची. तिचा बाप तिथं शिलाईकाम करायचा आणि लष्करातल्या साहेबांचे जुने कोट विकत आणून पोरीला उसवायला द्यायचा. शिवायला नाही, उसवायला. आत काय काय घातलंय, कुठला टाका आधी, कुठला नंतर, हे उसवल्याशिवाय कळत नाही, असं तो म्हणे. लग्न होऊन ती पुण्यात आली तेव्हा मास्टर सव्वीस वर्षांचे होते आणि भवानी पेठेत त्यांच्या नावाची पाटी लागून वर्षच झालं होतं. लग्नानंतर महिन्याभरात एका व्यापाऱ्याचा बंद गळ्याचा कोट त्यांनी घरी आणला, बटणं लावायला. स्वतःवर फार खूश होते. सकाळी उठून बघतात तर कोट मशीनवर नीट पसरलेला आणि गळ्याची शिवण सबंध उसवलेली. बायको चुलीपाशी, पाठमोरी. त्यांना असा राग आला की हात उचलला जाईल की काय असं वाटलं. मग त्यांनी गळा हातात घेऊन उजेडात धरला आणि दिसलं. डाव्या बाजूला कापड एक सूत ओढलं गेलं होतं. घातल्यावर मानेमागं सुरकुती पडली असती, आणि ती का पडते ते व्यापाऱ्याला जन्मात कळलं नसतं. त्यांनी गळा पुन्हा लावला. ना ती काही बोलली, ना ते. त्यानंतरच्या चाळीस-बेचाळीस वर्षांत असं तीसेक वेळा झालं असेल. सकाळी मशीनवर एखादा कपडा, त्याची एकच शिवण उघडी. जिथं उसवलं असेल तिथं चूक. फारच झालं तर ती म्हणायची, “बैठता नै.” बसत नाही. घरातली त्यांची बोली दखनी. पण या दोन शब्दांपलीकडे तिनं त्यांच्या कामाबद्दल कधी काही म्हटलं नाही, आणि एकदाही तिचं चुकलं नाही. बायका नवऱ्याशी भांडतात, रुसतात, माहेरी जातात. ही उसवायची. बाकी लोक ज्याला संसारातलं बोलणं म्हणतात, ते आपल्याकडं असं मशीनवर पडलेलं असायचं, हे मास्टरांना आज बसमध्ये पहिल्यांदाच शब्दांत कळलं. आणि कळता कळताच ते हातातून जायला लागलं.

कारण शेवटची दोन वर्षं. त्याआधीचं सगळं सरळ होतं, म्हणजे आजार होता तरी सरळ होतं. पहिल्यांदा दिसला तो हात. बाजारात ती पुढं चालली होती, मास्टर मागं, आणि तिचा डावा हात हलत नव्हता. उजवा मागेपुढं होत होता, डावा नुसता लोंबत होता, पुतळ्यावरच्या कोटाला टाचलेल्या बाहीसारखा. तुझा हात का हलत नाही म्हणून त्यांनी विचारलं, तर ती म्हणाली, हलतोय की. मग काजं बारीक व्हायला लागली. तिच्यासारखी काजं सबंध पेठेत कुणाची नव्हती, आणि ती दिवसेंदिवस आखडत गेली, शेवटी शर्टाचं बटण काजातून जाईना. मास्टर तिला बोलले. मग चेहरा गेला. हे फार वाईट होतं. चेहरा होता तिथंच, पण त्यावर काही उमटेनासं झालं. राग नाही, हसू नाही, डोळ्यांची उघडझापसुद्धा कमी. डॉक्टर म्हणाले, हा आजाराचाच भाग, आतून त्यांना सगळं वाटतं. आतून. मास्टरांचा सगळा जन्म कपड्याची आतली बाजू बघण्यात गेला होता; माणूस उलटा करून बघता येत नाही.

उंबऱ्याशी तिचे पाय जमिनीला चिकटायचे. घाई केली की जास्तच. त्यावर मास्टरांनीच उपाय काढला. मार्किंगच्या निळ्या खडूनं त्यांनी पलंगापासून मोरीपर्यंत जमिनीवर आडव्या रेघा मारल्या, वीत-दीड वितीच्या अंतरानं. रेघ दिसली की तिचा पाय उचलायचा. रेघ, पाऊल, रेघ, पाऊल. डॉक्टरीणबाईंनी ऐकलं तेव्हा म्हणाल्या, तुम्हाला कुणी शिकवलं? मास्टर म्हणाले, कापायच्या आधी खुणा करतोच की आम्ही. त्या दिवशी दोघंही रिक्षानं घरी आले आणि मास्टरांना वाटलं, हा आजार आपण निभावून नेऊ.

“काका, स्वारगेट गेलं,” कंडक्टर म्हणाला. “डेपोत यायचंय का झोपायला?”

पुढच्या थांब्यावर उतरून ते मागं चालत आले. चालताना त्यांनी हिशेब लावायचा प्रयत्न केला. पांढरी गोळी कधी सुरू झाली? मोहरमच्या सुमारास. बटणांचा डबा कधी निघाला? त्यानंतर, पाऊस संपताना. चाळीस वर्षांची उरलेली बटणं, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. तिनं ती वेगळी करायला घेतली, रंगाप्रमाणं, मग भोकांप्रमाणं, मग पुन्हा एकत्र करून रंगाप्रमाणं. मास्टर रोज सकाळी तिला दहा सुयांत दोरा ओवून छोट्या गादीत टोचून ठेवायचे, तिचा हात थरथरायचा म्हणून; म्हणजे कधी वाटलं तर हाताशी असावं. सुयांना तिनं हात लावलेला त्यांनी कधी पाहिला नाही. तिनं बारीक कात्री उचलली. पहिल्या दिवशी एक कुडता, बगलेची शिवण उघडी. मास्टर खूश झाले! आजारात, त्या बंद चेहऱ्यामागून, ती बोलली होती. त्यांनी बगल उजेडात धरली. काही दिसेना. चष्मा बदलला. तरी दिसेना. तरी उसवली आहे म्हणजे काहीतरी असणार, म्हणून त्यांनी ती पुन्हा मारली. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडी.

“काय चुकलंय?” त्यांनी विचारलं.

“बैठता नै.”

मग शर्ट. मग दोन ब्लाउज. मग एका लग्नाची शेरवानी, अस्तरासकट, तीनदा. ते तीनदा शिवत गेले आणि प्रत्येक वेळी त्यांना स्वतःचा हात परका वाटत गेला. टाका सरळ दिसायचा, पण ती म्हणते म्हणजे सरळ नसणार. आपल्याला दिसत नाही, एवढंच. डोळ्यांच्या डॉक्टरकडं जाऊन आले. तो म्हणाला, वयाच्या मानानं उत्तम आहेत. तेही त्यांना खरं वाटेना. शेरवानी लग्न झाल्यावर तयार झाली. नवऱ्यामुलाच्या बापानं दुकानात उभं राहून जे ऐकवलं ते मास्टरांनी मान खाली घालून ऐकलं, कारण तो काही चुकीचं बोलत नव्हता. त्याच आठवड्यात त्यांनी दुकान अय्युबच्या हवाली केलं. अय्युब त्यांच्याच हाताखाली तयार झालेला, आता पन्नाशीचा. “मास्टर, काय झालं ते तर सांगा,” तो म्हणाला. “हात गेला,” मास्टर म्हणाले. त्यानंतर त्यांनी मशीनवर पाय ठेवला नव्हता.

आणि ती दुपार. ती दुपार त्यांना आठवायची नव्हती, पण घोरपडे पेठेच्या कोपऱ्यावर ती समोर येऊन उभी राहिली. दुकान सोडल्यावर पंधरा दिवसांनी. आता शिवायला काही नव्हतं, तरी ती उसवत होती, बाहेर वाळत घातलेला टॉवेल असेल नाहीतर काही. कात्रीचा टिक टिक आवाज. मास्टरांनी तिच्या हातातून कात्री ओढून घेतली. “बस झालं! दुकान सोडलं ना मी? अजून काय खोट काढायची राहिलीय? याच हातांवर चाळीस वर्षं खाल्लंस!” तिनं वर पाहिलं. चेहऱ्यावर काही नव्हतं. नेहमीसारखंच काही नव्हतं. हात मात्र हवेत तसाच, अंगठा आणि बोट कात्री धरल्यासारखे उघडत मिटत राहिले. संध्याकाळी त्यांनी कात्री परत तिच्या मांडीवर ठेवली. माफी मागितली नाही. तशी पद्धत नव्हती त्यांच्यात. कात्री परत ठेवणं हीच ती.

गोळी होती म्हणजे ती काही म्हणत नव्हती. म्हणत नव्हती म्हणजे हात गेला नव्हता. म्हणजे दुकान उगाच सोडलं, आणि एका आजारी बाईवर ओरडलो, आणि डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा एक वाक्य नीट सांगितलं असतं तर तीन आठवड्यांत बंद. तीन आठवडे! जास्तीत जास्त एक शेरवानी गेली असती. नाहीतर मग ती म्हणतच होती, हात खरंच गेला होता, आणि ती शेवटपर्यंत त्यांच्याशी बोलत होती. यातलं कुठलं खरं असावं म्हणून आपण जीव टाकतोय, हे मास्टरांना ठरवता येईना. एक धरलं की दुसरं उसवायचं.

घरी येऊन त्यांनी खराडीला फोन लावला. मुलगी रशीदा तिथं एका कंपनीत होती. मागं कुणीतरी इंग्रजीत मोठ्यानं हसत होतं.

“अब्बा? सगळं ठीक?”

“तुझी अम्मी उसवायची, ते गोळीनं, असं कोणी म्हणालं तर?”

मग मागचं हसणं बंद झालं. ती बाहेर आली असावी. “कोण म्हणालं?”

“एक बाई. बिबवेवाडीत.”

“अब्बा, मी तेव्हाच म्हणत होते ना, डॉक्टरांना सांगू या? तुम्ही म्हणालात, तुला शिलाईतलं काय कळतं.”

“कळत नाहीच तुला. ती माझ्या कामातली चूक…”

“ती माझे ड्रेस पण उसवायची. मॉलमधून घेतलेले.”

“रेडिमेडची शिवण असतेच तसली.”

“अब्बा, ती उशांचे अभ्रे उसवायची!” रशीदाचा आवाज फुटला, हसू की रडू ते कळेना. “अभ्र्याचं काय फिटिंग असतं, अब्बा?”

मास्टरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. “जेवलात का?” तिनं हळूच विचारलं. “रविवारी येते मी.” ते हो म्हणाले.

अभ्र्याचं काय फिटिंग असतं. चौकोन. चार सरळ शिवणी, त्यातली एक उघडी. ते पलंगावर बसून राहिले. खोलीत अजून संध्याकाळचा उजेड होता. जमिनीवरच्या रेघा मोरीकडं गेलेल्या दिसत होत्या, अर्ध्या पुसट. कामवाल्या बाईला त्यांनी बजावलं होतं की तिथं ओलं फडकं मारायचं नाही. ती म्हणाली होती, चाचा, धूळ साठती. साठू दे, ते म्हणाले होते. मोरीकडं जायला ते उठले आणि पाऊल आपोआप रेघेवर पडलं. मग दुसरं. सात महिने ते असेच चालत होते, आणि हेही त्यांना आत्ता दिसलं. मला कुणी गोळी दिली नाही, त्यांना वाटलं. मग हे कोण चालतंय?

पलंगाखाली ट्रंक होती. तिनं उसवलेलं आणि नंतर कुणी न शिवलेलं सगळं रशीदानं त्यात भरून ठेवलं होतं. मास्टरांनी ती ओढली. त्यांना पुरावा हवा होता, कुठल्याही बाजूचा चालला असता. अभ्रे निघाले, सहा. पडदा निघाला, वरची पट्टी मोकळी. रशीदाचा ड्रेस, त्याच्या बाह्या वेगळ्या, कॉलर वेगळी, सगळं नीट घडी घालून. उसवणं मात्र अव्वल होतं. एक सूतही कापडाला धक्का नव्हता. थरथरत्या हातानं हे केलं कसं असेल? वासंतीबाईंच्या घरचे स्क्रू त्यांना आठवले, सात वाट्या, एकही स्क्रू चुकीच्या वाटीत नाही. हो, गोळीच. गोळी. त्यांनी मान हलवली, एकट्यानंच, आणि थोडं बरं वाटलं, नि मग फार वाईट वाटलं. शेवटची दोन वर्षं त्या खोलीत ते एकटेच होते तर. ते उजेडात शिवणी धरत होते, चष्मे बदलत होते, उत्तरं देत होते, आणि समोरून कुणी काही विचारलंच नव्हतं.

सगळ्यात खाली त्यांचा स्वतःचा कुडता होता. पांढरा, जुम्म्याच्या नमाजाचा. हा हरवला म्हणून त्यांनी मागं धोब्याशी वाद घातला होता. त्यांनी तो झटकला. उजवी बाजू धडधाकट. डाव्या मुंढ्याची, म्हणजे खांद्याशी बाही लागते तिथली, शिवण उसवलेली. आणि मग पुन्हा जोडलेली. कच्च्या टाक्यानं. हातानं. निळ्या दोऱ्यात. त्यांनी तो अगदी डोळ्यांशी नेला. धावदोरा वेडावाकडा होता, एक टाका बोटभर लांब, पुढचा तांदळाएवढा, मध्येच कापड सोडून गेलेला आणि परत आलेला. तिचाच. दुसऱ्या कुणाचा असणार? निळा दोरा, सकाळी ओवून ठेवलेल्या दहा सुयांपैकी एकीतला. दोन वर्षांत तिनं फक्त उसवलं होतं असं ते मानून चालले होते. हे तिनं जोडलं होतं. कधी? दुपारी ते पडलेले असताना? त्या दुपारच्या आधी की नंतर? आणि जोडलं ते जुन्या जागेवर नाही. खांद्याच्या टोकाला तिनं बाही खाली घेतली होती. मास्टरांनी खिशातून टेप काढला. दुकान सुटलं तरी टेप खिशात असायचाच. अर्धा इंच. पाव इंच हात थरथरण्यात जाऊ शकतो. अर्धाही जाऊ शकतो. जिचा हात भाताचा घास तोंडापर्यंत नेताना अर्धा सांडायचा, तिच्या अर्ध्या इंचाला काय धरून बसायचं?

त्यांनी अंगातला शर्ट काढला आणि कुडता घातला. सावकाश, डावा हात आधी. आरशासमोर उभे राहिले. हा कुडता डाव्या बाजूला नेहमी चढायचा, गळ्याशी ओढायचा. नमाजात त्यांचा हात मध्ये मध्ये तो खाली ओढायला जायचा, दहा वर्षं तरी. कापडाचा दोष आहे असं ते म्हणत. आता तो ओढत नव्हता. बसला होता. त्यांनी टेप स्वतःच्या मानेपासून खांद्यापर्यंत लावला, उजवीकडं, मग डावीकडं, मग आरशापासून दोन पावलं मागं सरले. डावा खांदा उतरला होता. पंचेचाळीस वर्षं मशीनवर त्याच बाजूला वाकून वाकून उतरला असणार. हजारो माणसांचे खांदे त्यांनी मापले होते, कुणाचा उजवा खाली, कुणाला पोक, हे माणूस दारातून आत येतानाच त्यांना कळायचं. स्वतःचं माप त्यांनी लग्नाच्या वेळी घेतलं होतं, त्यावरच आजवर कापत आले होते. हे कुणाला दिसलं? पाठीमागून कोण बघत होतं? ती पलंगावर बसलेली असायची, तोंड त्यांच्या पाठीकडं. तिला नसलेली मुलगी टेबलाखाली दिसायची. असलेला खांदाही दिसला असेल. नसेलही. सहा अभ्रे, एक पडदा, एक ड्रेस, आणि एक कुडता. एवढ्या उसवण्यात एखादी गोष्ट चुकून बरोबर येऊ शकते. बंद पडलेलं घड्याळसुद्धा दिवसातून दोनदा… पण त्यांनी तो विचार पुरा केला नाही.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. त्यांनी कुडत्याला इस्त्री केली, निळ्या टाक्याच्या बाजूनं, त्यावर इस्त्री न नेता. मशीन मारायला दहा मिनिटं लागली असती. ते मशीनपाशी गेलेही, साठलेली धूळ पुसली, सुई वर घेतली, आणि थांबले. तिच्या वाकड्या टाक्यावरून सरळ शिवण मारायची, की वाकडीच मारायची? सरळ मारली तर खांदा राहील आणि तिचा हात जाईल. वाकडी मारली तर ते पोरकट होईल. त्यांनी सुई खाली सोडली आणि कुडता तसाच अंगात घातला. मशिदीत सजद्यात वाकताना डाव्या खांद्यावर बारीक ‘टच’ आवाज झाला. एक टाका गेला. त्यानंतर दुआत त्यांचं लक्ष लागलं नाही. बाकीचे टाके शाबूत राहावेत, एवढंच ते मागत होते.

परतताना ते भवानी पेठेवरून आले. दुकानासमोरून ते सहसा जात नसत. अय्युब दाराशीच कुणाच्या तरी पँटचा घेर धरून उभा होता.

“सलाम, मास्टर! आज इकडं कसे? ईदचा चंद्र दिसला का?” आणि मग त्याची नजर जिथं जायची तिथं गेली. “हे काय? कच्चा टाका तसाच ठेवून फिरताय? तोही निळा? अहो, आमच्या दुकानाची अब्रू काढाल.”

“असू दे.”

अय्युब पँट खांद्यावर टाकून त्यांच्याभोवती एक फेरी मारून आला. मागं थांबला. मास्टरांनीच त्याला शिकवलं होतं, फिटिंग मागून बघायचं.

“टाका आंधळ्यानं घातल्यासारखा आहे,” तो म्हणाला. “पण खांदा बसलाय बरं का. अगदी बसलाय. कुणी काढला हा खांदा?”

मास्टरांनी तोंड उघडलं. समोर रस्त्यावरून एक टेम्पो हॉर्न वाजवत गेला. “ते काही कळत नाही, अय्युब,” ते म्हणाले. अय्युब त्यांच्या तोंडाकडं बघत राहिला. मास्टर कधी थट्टेत असलं बोलत नसत.

“बरं, काढा. दोन मिनिटांत मशीन मारून देतो. नाहीतर तुम्हीच मारा, मशीन तुमचंच आहे. या, आत या.”

मास्टरांनी उजवा हात डाव्या खांद्यावर ठेवला. टाके बोटांना लागले, लांब, आखूड, मग एक रिकामी जागा, मग पुन्हा.

“उद्या येतो,” ते म्हणाले. “काही शिवायचं असेल तर काढून ठेव. हा नको. याची ट्रायल चालू आहे.”

अय्युब पुढं काहीतरी म्हणाला, पण ते निघाले होते. आणखी टाका तुटू नये म्हणून त्यांनी डावा हात अंगाशी धरला. उजवा मागेपुढं होत होता. डावा हलत नव्हता.

अय्युब दारातून बघत राहिला. गल्लीच्या टोकाला मास्टर वळले तरी तो हात तसाच होता.